गोळी पोलादावर आपटते तेव्हा

थ्री-नॉट-थ्री हा आकडा मराठी माणसाला पाठ असतो. गणपतीच्या बंदोबस्तात, बँकेच्या दारात, कोषागाराच्या पहाऱ्यावर ती लांब, लाकडी दस्त्याची रायफल अनेकांनी पाहिली आहे. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही आपल्या अनेक पोलिसांच्या हातात तीच होती आणि तेव्हापासून ती ‘जुनाट’ या शब्दाला जोडली गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२०च्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला.

या जुनाट रायफलीबद्दलचे एक कोडे मात्र भल्याभल्यांना चकवते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि अर्धा इंच जाडीची कडक पोलादी प्लेट साखळीने टांगली आहे असे समजा. तिच्यावर थ्री-नॉट-थ्रीची गोळी पूर्ण वेगाने आदळली, तर ठणठणाट होतो, प्लेट झोकांडी खाते, आणि जवळ जाऊन पाहावे तर पृष्ठभागावर शिशाचा करडा डाग. बोट फिरवले तरी खड्डा लागत नाही. आता त्याच प्लेटवर अमेरिकी एम-१६ रायफलीची मूळ गोळी तशीच पूर्ण वेगाने आदळू द्या. ही गोळी थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीच्या एक तृतीयांश वजनाची आणि जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त ऊर्जेची. प्लेट फारशी हलत नाही, पण तिच्यावर स्पष्ट खड्डा पडतो.

जास्त ऊर्जेची गोळी डाग ठेवते आणि कमी ऊर्जेची खड्डा पाडते. असे का, याचे उत्तर शोधताना आपण थेट अहिल्यानगरच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या नगरच्या, रणगाडा संग्रहालयापर्यंत जाऊन पोचतो. गोळी आणि पोलाद यांच्यातल्या सव्वाशे वर्षांच्या झुंजीचा पुरावा एकाच आवारात पाहायचा, तर आपल्याकडे त्याहून चांगली जागा नाही.

नगर, बोअर कैदी आणि पाच गोळ्यांची पट्टी

आधी रायफलीची ओळख. तिचे नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली यांनी तिचा बोल्ट आणि मॅगझिन घडवले, आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्याने नळीच्या आतले खाचांचे काम ठरवले. १८९५ साली ती ब्रिटिश फौजेत आली. थ्री-नॉट-थ्री म्हणजे नळीच्या आतला व्यास ०.३०३ इंच, मिलिमीटरमध्ये ७.७.

चारच वर्षांनी, १८९९मध्ये, दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांशी युद्ध पेटले. बोअरांच्या हातात जर्मन माउझर रायफली होत्या. पाच काडतुसे एका धातूच्या पट्टीत अडकवलेली असत. अंगठ्याने एकदा दाबले की पाचही मॅगझिनमध्ये जात. ब्रिटिश सैनिक तेव्हा एकेक काडतूस भरत होता. फरक सेकंदांचा, पण लढाईत तो महाग पडला. याच युद्धातले बोअर कैदी ब्रिटिशांनी बोटीने हिंदुस्थानात आणले आणि ज्या गावांत त्यांच्या छावण्या केल्या त्यांत नगर होते. ज्यांच्या माउझरने इंग्रजांना रायफल बदलायला भाग पाडले, त्यातली काही माणसे नगरच्या उन्हात दिवस काढत होती, हे नगरकरांनाही सहसा ठाऊक नसते. इतिहासाच्या पुस्तकांतून ही गोष्ट अधिक ठळकपणे यायला हवी असे मला वाटते.

माउझरच्या पट्टीने दिलेल्या त्या धड्यातून नवी, आखूड ली-एनफिल्ड तयार झाली. १९०७च्या मार्क थ्री नमुन्यात पट्टीने काडतुसे भरायची खाच पक्की झाली. दहा काडतुसांचे मॅगझिन, पाच-पाचच्या दोन पट्ट्या. बोल्ट इतका सुळसुळीत की ३०० यार्डांवरच्या निशाण्यावर मिनिटाला १५ गोळ्या नेमून मारणे ही सैनिकाकडून सर्वसाधारण अपेक्षा होती. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने हीच रायफल स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरही बनवली. काडतुसे बनवणाऱ्या कारखान्यांत आपल्या पुण्याजवळची खडकी होती. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरे काडतुसाच्या बुडावर ठोकलेली असत. जगभरचे जुन्या रायफलींचे शौकीन आजही ती अक्षरे ओळखतात.

गोळी घर सोडते तेव्हा

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. घोडा ओढला की टाचणी तिच्यावर आपटते, ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. थ्री-नॉट-थ्रीत बराच काळ जी दारू वापरली ती कॉर्डाइट. शेवयांसारख्या कांड्या, आणि मूळ कृतीत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के चक्क व्हॅसलिन. ही दारू काळ्या दारूपेक्षा फार तापते. त्याआधीच्या ली-मेटफर्ड रायफलीतल्या उथळ, गोलसर खाचा या उष्णतेने झिजून जात. म्हणून एनफिल्डने खोल, कोनदार पाच खाचा दिल्या. ‘ली’च्या पुढचे नाव ‘मेटफर्ड’चे ‘एनफिल्ड’ झाले ते एवढ्यासाठी.

या खाचा नळीत सरळ जात नाहीत, पीळ घेत जातात. दहा इंचांत एक पूर्ण वेढा, तोही डावीकडे. गोळी या पिळातून जाताना स्वतःभोवती फिरू लागते. नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला ७४४ मीटर. म्हणजे सेकंदात जवळजवळ २,९०० फेरे. या फिरण्यामुळेच तिचे टोक पुढे राहते आणि ती हवेत कोलांट्या खात नाही.

गोळीचे वजन सव्वाअकरा ग्रॅम. आत शिसे, बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच, आणि टोकाच्या पोकळीत कवचाखाली अॅल्युमिनियमचा किंवा लाकडाच्या लगद्याचा छोटा तुकडा. ऊर्जेचा हिशेब करताना वजनाचा निम्मा भाग घेऊन त्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. उत्तर येते सुमारे ३,१२० ज्यूल. ज्यूल म्हणजे ऊर्जा मोजायचे माप. एक किलोचे वजन दहा सेंटिमीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो.

एम-१६ची मूळ गोळी साडेतीन ग्रॅमची, वेग सेकंदाला ९९० मीटर, ऊर्जा सुमारे १,७५० ज्यूल. तिचा व्यास ५.५६ मिलिमीटर. आपल्या फौजेतल्या इन्सास रायफलीचेही माप तेच. आता कोड्याकडे वळू.

आपटण्याच्या क्षणी काय घडते

गोळी पोलादाला भिडली की तिचे टोक थांबते, पण मागचे अंग त्याच वेगात पुढे येत राहते. टोकाच्या शिशावर एवढा दाब येतो की शिसे घन पदार्थासारखे वागणेच सोडून देते. ते वाहू लागते. शेणाचा गोळा भिंतीवर जोराने थापला की तो भिंतीलगत चहूबाजूंनी पसरतो आणि गोवरी होते, तसे शिसे प्लेटलगत पसरते. फरक एवढाच की हे पसरणे एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्याही आत आटोपते आणि पसरणारे शिसे प्लेटला चिकटून न राहता बारीक कणांच्या रूपात कडेने सुसाट निघून जाते. तांब्याचे कवच फाटते आणि त्याच्या चिंध्याही त्याच दिशेने जातात.

इथे झुंज ठरते. वाहणाऱ्या शिशाचा दाब मोठा की पोलादाचा कडकपणा मोठा?

कडकपणा मोजायची एक जुनी, सोपी रीत आहे. दहा मिलिमीटर व्यासाचा कठीण गोळा तीन हजार किलोच्या भाराने धातूवर दाबायचा आणि उमटलेला खळगा मोजायचा. भाराला खळग्याच्या क्षेत्रफळाने भागले की येणारा आकडा म्हणजे त्या धातूचा ब्रिनेल आकडा. म्हणजेच, दर चौरस मिलिमीटरला किती किलोचा दाब दिला तर हा धातू दबतो, ते हा आकडा सांगतो. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेटला किंवा ट्रॉलीला वापरतात ती साधी एम. एस. (माइल्ड स्टील) प्लेट घेतली तर आकडा १२०च्या आसपास येतो. खडी क्रशर, डंपरचे पत्रे आणि बुलडोझरची पाती यांसाठी जे कडक, न झिजणारे पोलाद मिळते त्याचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार ५०० आकड्याचा. नेमबाजीच्या टांगत्या प्लेटा याच पोलादाच्या करतात.

आता गोळीचा दाब. वाहणाऱ्या पदार्थाचा दाब काढायला त्याच्या घनतेचा निम्मा भाग घेऊन वेगाच्या वर्गाने गुणतात. गोळीचे वजन यात कुठेच येत नाही, हे लक्षात ठेवा. फक्त घनता आणि वेग. दोन्ही गोळ्या शिशाच्या, म्हणून घनता तीच. उरतो तो वेग, आणि त्याचाही वर्ग.

हा हिशेब ढोबळ आहे. कवचाचा, टोकाच्या आकाराचा आणि तिरकेपणाचा परिणाम त्यात धरलेला नाही. तरीही तो किती नेमके सांगून जातो ते चौकटीत पाहा.

चौकट : सगळे एकाच तराजूत
(किलो प्रति चौरस मिलिमीटर, अंदाजे)
शिशाचा कडकपणा : ५
साध्या एम. एस. प्लेटचा कडकपणा : १२०
थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचा दाब, १०० मीटरवर : २६०
थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचा दाब, नळीच्या तोंडाशी : ३२०
कडक प्लेटचा कडकपणा : ५००
एम-१६च्या गोळीचा दाब, नळीच्या तोंडाशी : ५६५

थ्री-नॉट-थ्रीचा दाब एम. एस. प्लेटच्या कडकपणापेक्षा खूप वर आणि कडक प्लेटच्या कडकपणापेक्षा खूप खाली आहे. त्यामुळे साध्या प्लेटवर ती खोल खड्डा पाडते आणि कडक प्लेटवर डाग ठेवून जाते. एम-१६ची गोळी जवळून ५००ची रेघ ओलांडते, म्हणून तिथे खड्डा. तीच गोळी लांबवर वेग गमावते, दाब ५००च्या खाली येतो आणि मग तिचाही नुसता डाग उरतो. पोलादी निशाण्यांवर नेम धरणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो, तो म्हणजे सेकंदाला तीन हजार फुटांहून, म्हणजे सुमारे ९१५ मीटरहून, जास्त वेगाची गोळी अशा प्लेटवर मारू नये. वरचा हिशेब त्या वेगाला लावा, उत्तर ४८४ येते. अनुभवातून आलेला ठोकताळा आणि कागदावरचे साधे गणित इतके जवळ यावेत, हे मला या सगळ्या विषयातले सर्वात सुंदर वाटते.

गाभा शिशाऐवजी कठीण पोलादाचा असेल तर हा हिशेबच बदलतो. तसा गाभा वाहत नाही. तो टोचतो. म्हणून पोलादी गाभ्याची फौजी काडतुसे प्लेटवर वापरत नाहीत. जुना साठा विकत घेणारे परदेशी नेमबाज आधी गोळीला लोहचुंबक लावून पाहतात. चुंबक चिकटले तर गाभा किंवा कवच पोलादी आहे हे कळते, आणि मग ती काडतुसे कागदी निशाण्यासाठी बाजूला ठेवतात.

मग प्लेट हलते कशाने

जड गोळीने प्लेट जास्त हलली, ते कशामुळे? तिथे वेगळा हिशेब चालतो, संवेगाचा. संवेग म्हणजे वजन गुणिले वेग, वर्ग नाही. धडकेआधी जेवढा संवेग होता तेवढाच धडकेनंतरही शिल्लक असावा लागतो. १०० मीटरवर थ्री-नॉट-थ्रीचा वेग साधारण ६७० मीटरवर आलेला असतो. सव्वाअकरा ग्रॅमची गोळी त्या वेगाने सव्वानऊ किलोच्या प्लेटवर आदळली की प्लेट सेकंदाला जवळपास ८० सेंटिमीटर वेगाने मागे जाते. एम-१६च्या गोळीने तिला याच्या निम्माही वेग मिळत नाही.

गंमत पुढे आहे. एवढ्या वेगाने हलणाऱ्या प्लेटची ऊर्जा मोजली तर ती येते सुमारे तीन ज्यूल. गोळी तर सुमारे अडीच हजार ज्यूल घेऊन आली होती. बाकीची सगळी ऊर्जा गोळीला स्वतःलाच चिरडायला, तापवायला आणि तिचे कण उधळायला खर्च झाली. सव्वाअकरा ग्रॅम शिसे पूर्ण वितळवायला जेमतेम सातशे ज्यूल पुरतात, त्यावरून ही ऊर्जा केवढी ते कळेल. सिनेमात गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो ना, त्याचाही निकाल याच हिशेबाने लागतो. थ्री-नॉट-थ्रीचा सगळा संवेग सत्तर किलोच्या माणसाला दिला तरी त्याचा वेग सेकंदाला बारा सेंटिमीटरच होतो. गोळी माणसाला उडवत नाही. ती मारते ती आतल्या इजेने.

उरला तो आवाज. चांदमारीवर कागदी निशाणा लावला तर गोळी कुठे लागली ते पाहायला निशाण्याजवळच्या आडोशातल्या, म्हणजे बटमधल्या, माणसाने इशारा करावा लागतो किंवा गोळीबार थांबवून चालत जावे लागते. पोलाद लगेच सांगते. ३०० मीटरवर गोळीला पोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो आणि ठण् परत यायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त. रायफल खांद्यावरून खाली यायच्या आत उत्तर कानावर येते. मेक्सिकोमध्ये तर यातून एक पूर्ण खेळ उभा राहिला. कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांचे पोलादी आकार अनुक्रमे २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटरवर उभे करतात. नुसती गोळी लागून चालत नाही, आकार आडवा पडावा लागतो. म्हणून त्या खेळात संवेगाला किंमत आहे आणि जड, संथ गोळीची जुनी फौजी काडतुसे तिथे आपला वकूब दाखवतात.

प्लेट कशी टांगायची, यालाही शास्त्र आहे

शिशाचे कण प्लेटलगत निघून जातात, हे वर आले. म्हणून प्लेट सरळ उभी न टांगता वरची कड थोडी पुढे, नेमबाजाकडे झुकवतात. कण मग बहुतांशी जमिनीत जातात. प्लेट सपाट असेल तोवरच हे जमते. एकदा तिच्यावर खोल खड्डा पडला की त्या खड्ड्याच्या वाटीत शिरलेले शिसे वळून सरळ नेमबाजाकडे येऊ शकते. खड्डे पडलेली किंवा वाकलेली प्लेट वापरणे हा या खेळातला सर्वात धोकादायक आळस आहे. साध्या एम. एस. प्लेटचा निशाणा म्हणूनच जवळून कधीही वापरू नये. तो पहिल्या काही गोळ्यांतच वाटीसारखा होतो. रायफलीसाठी निदान १०० यार्डांचे अंतर आणि डोळ्यांना चष्मा, याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. हे पोलाद कडक होते ते तापवून, झटकन थंड करून आणि मग थोडे पुन्हा तापवून. ते नंतर पुन्हा जास्त तापले तर कडकपणा उतरतो. गॅस कटरने कापलेली प्लेट कडेला मऊ पडते आणि कडी वेल्डिंग केली तर त्या कडीभोवतीचा भाग मऊ पडतो. ५००ची प्लेट तिथे जवळपास एम. एस. होऊन बसते. म्हणून चांगल्या प्लेटा पाण्याच्या तीव्र झोताने कापतात आणि बोल्टने टांगतात.

जुनी रायफल : आधी तपासणी, मग गोळी

जुन्या रायफलीचे पहिले दुखणे बोल्टमध्ये असते. काडतूस नळीच्या तोंडात बसल्यावर त्याचे बूड आणि बोल्टचा चेहरा यांच्यात जी जागा उरते ती केसभर वाढली तरी काडतुसाचे पितळ फाटून तापलेला वायू मागे येऊ शकतो. ली-एनफिल्डच्या नंबर चार नमुन्यात ही जागा जुळवण्यासाठी बोल्टचे डोके ०, १, २, ३ अशा चार मापांत मिळत असे. बोल्टवरचा आकडा आणि बॉडीवरचा आकडा एकच असावा, हा नियम त्यातूनच आला. वेगवेगळ्या रायफलींचे बोल्ट आपापसांत बदलणे हा गुन्हाच मानावा. एनसीसीत कवायतीला मिळणाऱ्या डी. पी. रायफली आठवत असतील. त्या केवळ कवायतीपुरत्या, गोळीबारासाठी बाद ठरवलेल्या असतात. तशा रायफलीत काडतूस घालणे म्हणजे स्वतःच्या चेहऱ्यासमोर स्फोट घडवणे.

दुसरे दुखणे गंजाचे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की पोटॅशियम क्लोराइड उरते, जे स्वभावाने मिठाचा भाऊ. हे मीठ नळीत बसते, हवेतला ओलावा ओढते आणि नळी आतून गंजवते. अनेकजण इथे तेल लावून मोकळे होतात. पण मीठ तेलात विरघळत नाही. तेलाखाली ते सुखाने राहते आणि आपले काम करत राहते. मीठ विरघळते ते पाण्यात. म्हणून जुन्या फौजी शिस्तीत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतत, मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी बांधून नळी कोरडी होईपर्यंत ओढत आणि सगळ्यात शेवटी तेल. क्रम उलटा केला की पावसाळ्यात नळी गेली.

नगरमध्ये ही रायफल कोण चालवू शकतो

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो बाद फौजी रायफली नागरिकांना विकल्या गेल्या. ईशापूरच्या रायफलीही कालांतराने तिकडे पोचल्या. टांगलेल्या प्लेटवर जुनी रायफल चालवण्याचा छंद त्या देशात वाढला तो या स्वस्त साठ्यामुळे. आपल्याकडे ते शक्य नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली थ्री-नॉट-थ्री हे फौजी बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे. म्हणूनच परवानाधारकांसाठी आपल्या सरकारी कारखान्यांनी थ्री-नॉट-थ्रीचाच बोल्ट ठेवून .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली. फौजी काडतूस तिच्यात बसू नये, हाच त्यामागचा हेतू. मला हा निर्बंध योग्य वाटतो. वर सांगितलेली शिस्त ज्याला सवयीची नाही त्याच्या हातात अडीच-तीन हजार ज्यूल देणे परवडणारे नाही. नगरच्या महाविद्यालयीन मुलांना या रायफलीची चव मिळते ती एनसीसीतल्या पॉइंट टू टू रायफलीतून. तिच्यातले काडतूस छोटे, पण तिचा बोल्ट, घोडा आणि पकड ली-एनफिल्डच्या घराण्यातली आहेत.

हाच हिशेब, रणगाड्याच्या मापाने

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये पहिल्यांदा रणगाडे रणांगणात उतरले तेव्हा त्यांच्या अंगावरचे पोलाद ६ ते १२ मिलिमीटरचे होते. आपल्या टांगत्या प्लेटएवढेच. उद्देशही तोच, रायफलीची शिशाची गोळी बाहेर थोपवायची. गोळी आत येत नसे, पण शिशाचे उडालेले कण बघण्याच्या फटींतून आत घुसत आणि माणसांचे डोळे जात. म्हणून ब्रिटिश रणगाड्यांतली माणसे चेहऱ्याला चामड्याचा मुखवटा बांधत आणि त्याखाली तोंडावर लोखंडी कड्यांची जाळी सोडत. नेमबाजाचा चष्मा आणि ती जाळी एकाच कारणाने आलेली आहेत.

जर्मनांनी उत्तर दिले ते शिसे सोडून. त्यांनी गोळीत कठीण पोलादी गाभा घातला, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा १९१८मध्ये १३.२ मिलिमीटरची माउझर रणगाडाविरोधी रायफल आणली. मग पोलाद जाड झाले. मग तोफ मोठी झाली. ही चढाओढ पाहायची तर नगर छावणीतल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जावे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी १९९४मध्ये उभारले. तिथली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी आधी पाहा. तिचे पोलाद अर्ध्या इंचाहून कमी जाडीचे, थ्री-नॉट-थ्रीच्या काळातले. मग दुसऱ्या महायुद्धातला माटिल्डा रणगाडा पाहा. त्याच्या तोंडावर ७८ मिलिमीटरपर्यंत पोलाद. आणि मग नंतरच्या रणगाड्यांच्या तिरक्या प्लेटा पाहा. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली १०० मिलिमीटरची प्लेट समोरून येणाऱ्या गोळ्याला २०० मिलिमीटरची पडते. प्लेट तीच, पण समोरून जाडी दुप्पट. टी-५५ रणगाड्याचे तोंड असेच आहे. निशाण्याची प्लेट झुकवतो ती कण खाली पाठवायला आणि रणगाड्याची झुकवतात ती गोळा जिरवायला, पण कोन हा दोन्हीकडे साथीदार आहे.

नगरच्या वायव्येला खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखली जाणारी के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. (सरावानंतर पडलेले भंगार गोळा करताना न फुटलेल्या गोळ्यांनी माणसांचे जीव गेल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. तिथल्या कुठल्याही धातूच्या तुकड्याला हात लावू नये.) २२ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओने याच रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या साहाय्याने नेम धरणारे क्षेपणास्त्र डागले आणि तीन किलोमीटरवरचे लक्ष्य टिपले. अशा क्षेपणास्त्रात आत वळलेला धातूचा शंकू आणि त्यामागे स्फोटक असते. स्फोट झाला की शंकू उलटा होऊन त्याची बारीक धार बनते, जिच्या टोकाचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटरपर्यंत जातो. शंकू तांब्याचा आणि वेग आठ किलोमीटर धरून चौकटीतला हिशेब करा. दाब येतो दर चौरस मिलिमीटरला सुमारे एकोणतीस हजार किलो. रणगाड्याच्या पोलादाचा कडकपणा काही शेकड्यांत. इथे तांबेही वाहते आणि पोलादही वाहते, आणि जिंकते ती लांब धार. तिला तोडायला रणगाड्यांवर स्फोटकाच्या विटा बसवतात, ज्या धार लागताच फुटतात आणि तिला वाकडी करतात. के. के. रेंजवर डागलेल्या क्षेपणास्त्रात म्हणून एकामागे एक असे दोन शंकू होते. पहिल्याने ती वीट फोडायची, दुसऱ्याने उघड्या पोलादातून जायचे.